बिनगळाची काठी

अर्जाच्या शेवटी 'नम्र विनंती' लिहायचं मी सोडून दिलं आहे. खालापूरच्या तहसील कचेरीबाहेर मी अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलो. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. शेजारी बसणारे दोघे अजून प्रत्येक अर्जाखाली ती ओळ घालतात. मी का घालत नाही असं कुणी विचारलं तर मी सांगतो की मला एका बाईंनी बंदी केली आहे. त्या बाई सरकारी नर्स होत्या. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल, पण बंदी मोडायची माझी अजून हिंमत नाही.

सुलोचना सिस्टर. त्यांना आडनाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. कुंभिवलीच्या पुढे हायवे सोडून डोंगराकडे वळलं की जी गावं आणि वाड्या लागतात, तिथल्या उपकेंद्रात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात जन्मलेल्या झाडून सगळ्या पोरांना टोचलं. उंची बेताची, चालणं भराभर, पायात कॅनव्हासचे बूट. पदराला पिनेने अडकवलेलं उलटं घड्याळ. निवृत्त झाल्यावरही ते घड्याळ मनगटावर आलं नाही. आणि खांद्याला लशी न्यायची निळी पेटी. ती सरकारने मोडीत काढली तेव्हा सिस्टरांनी रीतसर कागद करून घरी आणली होती. "पयले लस ठेवायची, आता गांडुळं ठेवते," त्या सांगायच्या. "दोगांना बी थंड लागतं."

गांडुळं गळाला लावायला. सिस्टर आमच्या तलावावरच्या सगळ्यात जुन्या गळकरी होत्या.

बाई माणूस आणि हातात काठी, याचं नव्या माणसाला नवल वाटायचं. पण त्यामागे सरकारी कामच होतं. तीसेक वर्षांपूर्वी डोंगराकडच्या वाड्यांत सिस्टर आल्याची कुणकुण लागली की बाया पोरांना काखेत मारून रानात पळायच्या. सिस्टर पाठलाग करत बसल्या नाहीत. त्यांनी बांबूची काठी घेतली, तंगुसाचा दोरा बांधला आणि तलावाच्या धोणीवर जाऊन बसल्या. कपडे धुवायला बाया तिथे येणारच होत्या, आणि बायांबरोबर पोरं. मासा लागला की पोरं धावत यायची. मासा पाण्यातून वर निघाला की ती तोंडं उघडी टाकून बघत राहायची. त्या उघड्या तोंडात सिस्टर दोन थेंब सोडायच्या आणि म्हणायच्या, "पुढचा." अशी त्यांनी अख्खी वाडी पुरी केली. पुढे थेंब संपले, वाड्या स्वतःहून उपकेंद्रात यायला लागल्या, पण काठीची गोडी सुटली नाही.

तलाव म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कधीकाळी भाताच्या पाण्यासाठी सरकारने मातीचा बांध घातला, त्यामागे साठलेलं पाणी. बांधावरून बैलगाडी जाईल एवढी वाट. रविवारी तिथे आम्ही पंचवीस-तीस माणसं असायचो. चौकच्या गॅरेजमधले मिस्त्री, पळसदरीकडचे दोन रेल्वेवाले, आठवड्याची सुट्टी असलेले कंपनी कामगार, एका ढाब्याचा आचारी आणि मी. यातल्या एकाचंही पोट माशांवर नव्हतं. आपसात आम्ही त्याला मासेमारी म्हणायचोच नाही, बसायला जाणं म्हणायचो. प्रत्येकाचा दगड ठरलेला. दुसऱ्याच्या दगडावर कुणी बसायचं नाही, 'किती मिळाले' असं विचारायचं नाही आणि काठी घेऊन निघालेल्याला 'कुठे' म्हणून तर अजिबात हटकायचं नाही.

या जुन्या नियमांत सिस्टरांनी आपले घातले. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. मरळ मिळाली तर ती घरी न्यायची नाही, आसपास जी बाळंतीण असेल तिच्याकडे जाणार. कोण बाळंत झालंय याची खबर त्यांना निवृत्तीनंतरही सगळ्यांच्या आधी असायची. आणि पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला ओढ्याने वर चढतात, त्या दिवसांत काठी बंद. एकदा एक मिस्त्री ऐकेना. तेव्हा सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाळंतिणीच्या खोलीत शिरतोस का रं कदी?" त्याने तंगूस गुंडाळला.

त्यांच्या स्वभावात गोडवा कमी होता, हे कबूल करायला हवं. टोचताना इतर नर्सा 'मुंगी चावल्यासारखं होईल' वगैरे सांगतात. सिस्टर सांगायच्या, "दुखनार हाय. हलू नको." बस. पण ते ऐकल्यावर माणूस हलायचा नाही. गळ बांधायची गाठ मला त्यांनीच शिकवली. ती टाके घालतानाची गाठ होती. मला ती तीन रविवार जमेना. चौथ्या रविवारी जमली तेव्हा त्यांनी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रायटरभाऊ, एवडा येळ लावलात तर पेशंट घरी जाईल." ही त्यांची शाबासकी होती, असं मी धरून चाललो आहे.

चार वर्षांपूर्वी तलावाच्या वरच्या अंगाची जमीन विकली गेली आणि तिथे रिसॉर्ट उभं राहिलं. कौलारू खोल्या, हिरवळ, संध्याकाळी दिवे. इथवर कुणाची तक्रार नव्हती. जमीन त्यांची, हिरवळ त्यांची. मग एका सोमवारी बांधाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसलं आणि त्यावर बोर्ड: खाजगी परिसर. पोहणे, कपडे धुणे व मासे पकडणे सक्त मनाई. त्याच महिन्यात पलीकडच्या काठावर लाकडी मचाण झालं. तिथे रिसॉर्टचे पाहुणे छत्रीखाली बसून चकचकीत काठ्यांनी मासे पकडायला लागले. त्यांना मनाई नव्हती, त्यांच्याकडे पावती होती.

आम्ही काय केलं? चहाच्या टपरीवर शिव्या दिल्या. रेल्वेवाले म्हणाले, आपल्याकडे पळसदरीचं धरण आहे, तिकडे बसू. मिस्त्री म्हणाले, मोठ्या लोकांशी कोण भांडणार. मी म्हणालो, बघू या. 'बघू या' म्हणजे काही करायचं नाही, हे माझ्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

बुधवारी सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पेटी मांडीवर.

"लिवा," त्या म्हणाल्या. "तलाव सरकारी हाय. बांधावरची वाट गावाची हाय. आमी तिथं तीस वर्सं बसतो. गेट काडा."

मी टाइप केलं. वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"ही नम्र विनंती कुनी सांगितली लिवायला?"

"पद्धत आहे, सिस्टर. सगळे लिहितात."

"मी कदी पोराला विनंती केली का, हात पुडं कर म्हनून? काडा ती. 'कळवते' असं लिवा. सुलोचना कळवते."

मी काढली. त्यांनी सही केली, अर्ज आत दिला, पोच घेतली आणि शिक्का नीट उमटला आहे का ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

आता माझी चूक सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण ती माझीच आहे. शेवटची ओळ काढायला त्यांनी लावली, पण वरची विषयाची ओळ त्यांना मी वाचून दाखवलीच नव्हती. विषय मी वाचून दाखवत नाही, बोटं तो आपोआप लिहितात. तिथे मी लिहून ठेवलं होतं: तलावावर मासे पकडण्यास परवानगी मिळणेबाबत.

दोन महिन्यांनी रिसॉर्टच्या वकिलांचं लेखी म्हणणं आलं. त्यात बाकी पुष्कळ होतं, पण मला एकच वाक्य दिसलं. अर्जदार यांनी स्वतः परवानगी मागितली आहे, ज्यास हक्क आहे तो परवानगी मागत नाही. वकिलाचं बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने मी एका ओळीत सिस्टरांना मालकिणीची भिकारीण करून ठेवलं होतं. तो कागद त्यांच्या हातात देताना मला माझ्या टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुमच्या बोटांना सवय लागली वाकायची," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नाडी बघून निदान सांगावं तशा. "दुसरा अर्ज लिवा. विषय मी सांगते."

तो दुसरा अर्ज अडथळा दूर करण्याचा होता. लिहिताना मी त्यांना वहिवाट म्हणजे काय ते समजावलं. वाट वापरात राहिली तर ती आपली. वापर सुटला की समोरचा म्हणतो, इथे कोणी येतच नव्हतं.

"म्हंजे खंड पडता कामा नाय."

"हो."

"डोस चुकवायचा नाय. कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या गेटवर गेल्या. गेटवर संतोष होता. आमच्याच गावचा, दोन पोरांचा बाप, मोठ्या मुश्किलीने लागलेली नोकरी. त्याला स्वतःला, त्याच्या बायकोला आणि दोन्ही पोरांना सिस्टरांनी टोचलेलं. पुढचं त्यानेच मला सांगितलं.

"सिस्टर, नाय सोडता येत. मॅनेजरची ऑर्डर हाय."

"मंग अडव."

संतोष अडवणार कसा? हात लावायची त्याची छाती नव्हती. तो बाजूला उभा राहिला.

"तुज्या त्या वहीत लिवतोस ना येनाऱ्या-जानाऱ्याचं? माजं बी लिव. येळ लिव. 'परवानगी नसताना आत गेली' असं लिव. तू तुजी डुटी कर रं, तुला कुनी बोलनार नाय."

तो रोज लिहू लागला. सिस्टर रोज आत जाऊ लागल्या, रोज आपल्या दगडावर बसू लागल्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. मुंबईचा, तरुण, बोलायला सभ्य. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, मासे पकडायला मनाई आहे. मला पोलिसांना बोलवावं लागेल."

सिस्टरांनी काठी उचलली आणि तंगुसाचं टोक त्याच्यासमोर धरलं. टोकाला गळ नव्हता. शिळ्या भाकरीचा आणि पेंडीचा गोळा दोऱ्याने बांधला होता, एवढंच.

"पकडत नाय," त्या म्हणाल्या. "चारते. बोर्डावर चारायला मनाई लिवलेली नाय."

तो बोर्ड पुन्हा वाचायला गेला, असं संतोष सांगतो.

ही बातमी चौकपर्यंत दुपारच्या आत पोचली. माणसं मुद्दाम बघायला यायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात एक साठी उलटलेली बाई बिनगळाची काठी पाण्यात टाकून बसली आहे, तासाभराने तोंड पुसते, पेटी उचलते आणि घरी जाते. रोज. गुडघे सुजलेले असले तरी, घरात पाहुणे असले तरी. मुलगा पनवेलला होता. तो रागावला. त्याला त्या म्हणाल्या, "नोकरीत कदी सुट्टी घेतली का मी? मंग?"

दिवाळीच्या आसपास आणखी एक गंमत झाली. मासा खायला मिळतं तिथे जमतो. रोज सकाळी सात वाजता एका ठिकाणी पेंड, कोंडा आणि भाकरी, आणि वर गळ नाही. तलावातला सगळा मासा सिस्टरांच्या दगडाकडे मुक्कामाला आला. पाण्यात हात घातला तर बोटांना रोहू लागायचे. पलीकडच्या मचाणावर पाहुणे भारी काठ्या घेऊन दिवसचे दिवस बसायचे आणि कोरडे उठायचे. पाहुणे मॅनेजरवर वैतागले, आणि मॅनेजर पुन्हा सिस्टरांकडे आला. या वेळी हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड होतं.

"मॅडम, तुमच्यासाठी. कायमचा पास. गळ लावा, मासे न्या, कोणी काही म्हणणार नाही. फक्त हे चारणं बंद करा."

सिस्टरांनी कार्ड घेतलं, उलटसुलट केलं. त्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं, इंग्रजीत.

"चौकच्या मिस्त्र्यांना देनार?"

"ते... सगळ्यांना कसं देणार, मॅडम?"

"मंग मला बी नको. मी पास घेतला म्हंजे तलाव तुमचा, हे मी मान्य केलं." कार्ड त्याच्या खिशात त्यांनी स्वतःच्या हाताने परत ठेवलं.

त्याच हिवाळ्यात ठाण्याच्या एका पाहुण्याच्या तळहातात गळ रुतला. मचाणावर आरडाओरडा झाला. रिसॉर्टच्या औषधपेटीत मलम होतं आणि पट्टी होती, पण गळ काढणारा हात नव्हता. संतोष धावत बांध ओलांडून सिस्टरांकडे आला. त्या उठल्या, पलीकडे गेल्या, त्या गृहस्थांचा हात गुडघ्यावर धरला आणि म्हणाल्या, "दुखनार हाय. हलू नका." गळ पुढे रेटला, टोक बाहेर काढलं, पकडीने काटा तोडला, उरलेला मागे ओढला. दोन मिनिटं. मग त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्यायला सांगितलं आणि परत येऊन आपली काठी धरली.

तो माणूस दुपारी हाताला पट्टी बांधून सिस्टरांकडे आला आणि तुमच्यासाठी काय करू म्हणून विचारू लागला. त्या म्हणाल्या, "पुडच्या रविवारी त्या मचानावर नका बसू. इकडं बसा."

तो खरंच आला. आपली महागाची काठी घेऊन, गळ काढून, सिस्टरांपासून दोन दगड सोडून बसला. ते बघून आम्हाला लाज वाटली. त्या रविवारी ढाब्याचा आचारी आला, मग दोन मिस्त्री, मग रेल्वेवाले. मी सातवा होतो. तहसील कचेरीच्या दारात पोट भरणाऱ्याने उघड भांडणात पडावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार करत होतो, आणि सातवा होईपर्यंत विचार पुरला. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "या. पुढचा."

होळीपर्यंत अकरा बिनगळाच्या काठ्या झाल्या. आम्ही फार खूश होतो. कायदा मोडला नाही आणि माघारही घेतली नाही. ज्याला त्याला आम्ही ही युक्ती सांगायचो. मी तर कचेरीत सांगायचो.

आणि मग वकिलांचं दुसरं म्हणणं आलं. तहसीलदारांनी जागेची पाहणी करायचं ठरवलं होतं, त्याआधी त्यांनी ते दाखल केलं. अर्जदार रोज येतात हे त्यांनी नाकारलं नाही. नाकारणार कसे, त्यांच्याच गेटच्या वहीत संतोषच्या अक्षरात रोजची वेळ होती. त्यांनी लिहिलं: अर्जदार व त्यांचे सहकारी गळ लावत नाहीत, म्हणजेच सदर मनाई ते स्वतः पाळतात. गेल्या दीड वर्षात या तलावात रिसॉर्टच्या अतिथींखेरीज कोणीही मासा पकडलेला नाही.

मी तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांना शेक देत. त्यांनी एकदाच वाचला. मी सांत्वनाचं काहीतरी बोललो असेन, मला आठवत नाही. त्यांनी हाताने मला थांबवलं.

"ही चूक माजी," त्या म्हणाल्या. "तुमची बोटं वाकली म्हनून मी तुमाला बोलले. आन मी काय केलं? गळ काडून ठेवला. बोर्ड मानला म्हनूनच काडला ना? पळवाट काडली, आन हुशारी समजले."

"सिस्टर, पोलिसांत तक्रार झाली असती."

"झाली असती तर झाली असती." त्यांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "पोराला सांगते, दुखनार हाय, हलू नको. आन सोता हलले."

त्यांना इतकं दुखावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या चुकीवर त्या हसल्या नव्हत्या, पण चिडल्याही नव्हत्या. स्वतःच्या चुकीवर मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मला दिसले म्हणून त्यांना आणखी राग आला.

पाहणीच्या दिवशी मंडळ अधिकारी आले, तलाठी आले, मॅनेजर आणि वकील आले. पंच म्हणून गावातले दोघे उभे केले, त्यात लिहिण्यावाचण्याचा म्हणून मला घेतलं. मंडळ अधिकारी वयाने मोठे, वाद नको वाटणारे गृहस्थ होते. बांधाची लांबी मोजली, गेटची रुंदी मोजली, बोर्ड शब्दशः उतरवून घेतला. सिस्टर पावणेसातपासून आपल्या दगडावर होत्या. गुडघे असे सुजले होते की संतोषने त्यांना टेंपोतून आणून सोडलं होतं. गेटवरच्या ड्युटीतून, मॅनेजरच्या नाकासमोरून. त्याची नोकरी त्या दिवशी जाईल असं आम्हाला वाटलं होतं.

वकील म्हणाले, "साहेब, बघून घ्या. काठी आहे, गळ नाही. आमचं म्हणणं तेच आहे."

मंडळ अधिकारी लिहायला लागले.

"थांबा, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "अजून लिवू नका."

त्यांनी पेटी उघडली. एका लहान डबीतून गळ काढला, तंगुसात ओवला, ती टाक्याची गाठ मारली, ओढून बघितली. गांडूळ लावलं. मॅनेजर पुढे झाला.

"मॅडम, बोर्ड वाचलाय ना तुम्ही?"

"दीड वर्स रोज वाचते," त्या म्हणाल्या आणि काठी टाकली.

सिस्टरांनी पदरावरचं घड्याळ हातात धरून बघितलं, नाडी मोजताना बघायच्या तसं. मासा कळावा म्हणून तंगुसाला बांधलेलं मोरपीस पाण्यावर दोनदा हललं. मग सरळ खाली गेलं. त्या झटक्याने उभ्या राहिल्या. त्या गुडघ्यांवर त्या कशा उभ्या राहिल्या हे मला अजून कळलेलं नाही. एक मिस्त्री मदतीला धावला, त्याला त्यांनी नुसत्या मानेने मागे केलं. मासा जोरात ओढत होता. त्या दोन पावलं पाण्यात गेल्या, बूट भिजले, काठी वाकली. मग त्यांनी हळूहळू त्याला उथळात आणलं आणि कल्ल्यात बोटं घालून वर उचलला. हातभर लांबीचा रोहू.

"आता लिवा. मासा पकडला. रोहू. जिवंत. बोर्डासमोर बसून."

मंडळ अधिकाऱ्यांनी वकिलांकडे बघितलं, मग मासा बघितला. मासा तडफडत होता, तो नाकारता येत नव्हता. त्यांनी लिहिलं.

"कोणाच्या परवानगीने?" वकिलांनी विचारलं.

"कुनाच्याच नाय. ते बी लिवा, साहेब. 'कुनाची परवानगी न घेता' असं लिवा. तलाव सरकारी हाय, मी गावची हाय." मग थोडं थांबून, "आन उद्या पन येनार हाय, असं खाली लिवा."

मंडळ अधिकारी हसू दाबत म्हणाले, "बाई, पंचनाम्यात उद्याचं लिहिता येत नाही. आज जे घडलं तेवढंच."

"मंग खाली जागा सोडा," सिस्टर म्हणाल्या.

मी पंच होतो. सही करताना मी मुद्दाम बघितलं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी चार बोटं जागा सोडली होती.

तो निकाल अजून यायचा आहे. तारखा पडतात, वकील बदलतात. पण त्या दिवसानंतर गेट दिवसा उघडं असतं. रविवारी पंचवीस-तीस काठ्या पाण्यात असतात, सगळ्यांना गळ लावलेला असतो आणि कुणी हटकत नाही. संतोषची नोकरी टिकली. सिस्टर दुसऱ्या दिवशीही आल्या असं तो सांगतो, आणि पुढचे बारा दिवस. मग मुलाने त्यांना पनवेलला नेलं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पण त्याआधीच एका दुपारी झोपेत हृदय थांबलं. मी कामाच्या गर्दीत होतो आणि त्या तेरा दिवसांत तलावावर एकदाही गेलो नाही. त्यामुळे मला सिस्टर शेवटच्या दिसल्या त्या पंचनाम्याच्या दिवशीच.

सह्या झाल्या, साहेबांची गाडी गेली. सिस्टरांनी पेटी खांद्याला लावली, काठी काखेत घेतली आणि मासा उचलला. आमच्या बाजूने उतरणारी पायवाट जवळची होती, सगळे तिकडे वळले. त्या बांधावरून सरळ गेटकडे निघाल्या. ती वाट रिसॉर्टच्या हिरवळीला लागून जाते. पाहुणे बाहेर टेबलांवर नाश्ता करत बसले होते. रोहू जड होता, आणि सिस्टरांच्या उंचीमुळे त्याची शेपटी मातीला लागत होती. दोनदा त्यांनी हात बदलला. मी मागून भराभर गेलो आणि खिशातली पिशवी काढून पुढे केली.

"नको," त्या म्हणाल्या, चालतच. "दिसू दे."